मंडईला न आलेली लेक

"रश्मी मंडईले नाही आली, बाई. तू आता तिकडचीच झालीस. एकदा पाहून ये तिले."

रश्मीच्या आईनं, कुसुमबाईनं, गावचीच लेक असलेल्या खुशबूला हे सांगितलं ते मागच्या वर्षीच्या मंडईत, जिलेबीच्या दुकानासमोर. खुशबूच्या खांद्यावर तेव्हा चारपाच महिन्यांची बोधी होती आणि बोधीच्या अंगात ताप होता. म्हणजे खुशबूच्या हाताला तो लागत होता. थर्मामीटरला लागत नव्हता.

"मावशी, व्हिडिओ कॉल कर ना," खुशबू म्हणाली. "आता कोन जाते एवढ्यासाठी?"

"फोनवर तोंड दिसते, वो. हातपाय नाही दिसत."

"काय पन तुझं, मावशी!" खुशबू हसली आणि बोधीचं कपाळ पुन्हा एकदा चाचपत पुढं निघून गेली.

पुण्याकडच्या लोकांना मंडई म्हटलं की भाजी आठवते. आठवू द्या. इकडं पूर्व विदर्भात, आमच्या झाडीपट्टीत, दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री नाटक, नाही तर दंडार हा नाचगाण्याचा खेळ. आणि ज्या गावची मंडई, त्या गावच्या सासरी गेलेल्या झाडून साऱ्या लेकी त्या दिवशी माहेरी हजर. अर्जुनी मोरगावजवळच्या कन्हारटोल्यात तर लेक न येणं ही बातमी असते. ओली बाळंतीण असेल तर येत नाही, सासरी मयत झाली असेल तर येत नाही. बाकी कुणाला कारण द्यावं लागतं, आणि ते गावाला पटावं लागतं. "शाळेचं काम निघालं," हे रश्मीच्या नवऱ्यानं फोनवर दिलेलं कारण कुसुमबाईला पटलं नव्हतं. खुशबूला पटलं. खुशबू शिकलेली होती ना.

शिकलेली म्हणजे चांगली वकिलीची परीक्षा पास. शेवटच्या वर्षाला तिनं भलामोठा निबंध लिहिला होता, स्त्रियांविषयीचा भेदभाव संपवायला निघालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराबद्दल. सरांनी शेरा मारला होता, 'उत्कृष्ट'. मग अतुलशी लग्न झालं. त्याची नोकरी तिरोड्याच्या वीज प्रकल्पात, घर गोंदियाजवळच्या फुलचूरला. वकिलीची सनद पेटीत गेली आणि बोधी झाल्यापासून खुशबूचं सारं कोर्ट घरातच भरू लागलं. शेंगदाणा घशात अडकतो. बादलीतल्या वितभर पाण्यात मूल बुडतं. प्लगमध्ये बोट जातं. गल्लीतल्या तांबड्या कुत्र्याच्या नजरेत काही तरी आहे. अतुल म्हणायचा, "तुले झोपेतबी पोट्टी पडताना दिसते का?" दिसायची. खरंच दिसायची.

घरातली प्रत्येक वस्तू अशी डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या या बाईनं वर्षभरात रश्मीला एकदाही पाहिलं नाही. तिचं सासर तिरोड्याजवळच्या खेड्यात, बसनं तासाभराचाही रस्ता नाही. पण जाणं झालं नाही. वाढदिवसाला केकचं चित्र पाठवलं. रश्मीनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. झालं.

मग यंदा, नोव्हेंबरात, तिरोड्याच्या एका महिला विकास मंडळाचा फोन आला. मंडळात महिला किती, हे विचारू नये. अध्यक्ष दुर्गाप्रसाद शेठ, राईस मिलवाले.

"मॅडम, पच्चीस तारीख को महिलाओं पे अत्याचार-विरोधी दिन है," शेठजी म्हणाले. "जागतिक! हमको आंतरराष्ट्रीय कायदा पे बोलनेवाला चाहिए. गुरुजी बोले, अपनी खुशबूताई है ना."

"कोणते गुरुजी?"

"खुशाल गुरुजी. आदर्श शिक्षक. हमारे हर प्रोग्राम का मंच वही तो चलाते हैं."

खुशाल गुरुजी म्हणजे रश्मीचा नवरा. खुशबूला बरंच वाटलं. भाषणही होईल, रश्मीचीही भेट होईल. तिनं पेटीतून निबंध काढला, वाळवीनं एक कोपरा खाल्ला होता तो झटकला आणि बोधीला मांडीवर घेऊन आठवडाभर तयारी केली.

सभागृहात बॅनर असा होता की त्यावर पृथ्वीचा गोल, गोलावर एक बाई, आणि बाईच्या दोन्ही बाजूंना शेठजींचे दोन फोटो. मंचावर पुरुषांची रांग. टोकाच्या खुर्चीवर एक बाई, त्या संरक्षण अधिकारी. घरात मारहाण सोसणाऱ्या बाईच्या मदतीला कायद्यानं नेमलेलं सरकारी माणूस ते हेच. समोर बचत गटाच्या बाया. धानाची कापणी सुरू, रोजी बुडवून आलेल्या, त्यामुळं तोंडं आंबट.

"समोसा देऊन राहिले का नाही वो?" एकीनं मागून विचारलं.

"आधी भाषन, मंग समोसा. आधी दिला तं पळशीन तू."

"कोनावर भाषन हाय?"

"आपल्याले मारतात ना, त्यावर."

"हात्तिच्या! मले वाटलं कर्जावर हाय."

खुशाल गुरुजी पांढराशुभ्र सदरा घालून माइक तपासत होते. माणूस देखणा, आवाज मधाळ. बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. खुशबूला पाहताच ते मंचावरून उतरले.

"अरे, या, या! माहेरचं माणूस आलं!" मग मागं वळून, आवाज न बदलता, "रश्मी, ताईंना पाणी."

रश्मी आली. पिवळी साडी, पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, हातात पुष्पगुच्छांचा ट्रे. हसली. खुशबूनंही हसून घेतलं, पण तिची नजर ट्रेवर अडकली. ट्रे तळहातावर नव्हता. रश्मीनं तो डाव्या कोपरावर तोलला होता, सरपणाची मोळी धरावी तसा.

"गुरुजी, यंदा तरी मंडईले पाठवा हिले," खुशबू सहज म्हणाली. "कुसुममावशी वाट पाहून राहिली."

"घ्या! अहो, झाली की मंडई!" गुरुजी हसले. "दिवाळी झाल्या झाल्या जाऊन आली ना ही. चांगली चार दिवस राहिली. रात्रभर नाटक पाहिलं आणि इथं येऊन नुसती झोपली. काय गं?"

"हो ना," रश्मी ट्रेकडं पाहत म्हणाली.



कन्हारटोल्याची मंडई झालीच नव्हती. दरवर्षी भाऊबीजेनंतर होते, जगाला ठाऊक. पण यंदा दिवाळीच्या तोंडावर पाऊस कोसळला, कापलेलं धान शेतातल्या बांध्यांत भिजलं, आणि गावानं नाटक कंपनीला तारीख पुढं द्यायला सांगितली तर कंपनीकडं थेट सत्तावीस नोव्हेंबरच रिकामा. नाटकाची तारीख ती मंडईची तारीख. त्यावरून गावात भांडणंसुद्धा झाली. ज्या घरातली बाई माहेराशी फोनवर दोन शब्द मोकळं बोलू शकते, त्या घराला हे ठाऊक असतं. गुरुजींना नव्हतं. त्यांनी दरवर्षीचा हिशोब धरून खोटं बोलून टाकलं होतं. आणि रश्मीला ठाऊक होतं की नव्हतं कोण जाणे, ती "हो ना" म्हणाली होती.

खुशबूनं रश्मीच्या त्या कोपराकडं पुन्हा पाहिलं, घरात प्लगकडं पाहायची तसं.

"रश्मी, हिले धर जरा," ती म्हणाली आणि ट्रे बाजूच्या खुर्चीवर ठेवून बोधीला पुढं केलं.

रश्मीनं हात पुढं केले. उजवा नीट आला. डावा आला, पण मनगटापाशी भलतीकडं वळून, आणि बोधीचा भार पडताच तो असा काही खचला की मूल घसरलं. खुशबूनं ते अर्ध्यात झेललं. अशी झेलायची सराव-परीक्षा ती दीड वर्ष देतच होती.

"हिची शी झाली वाटते," खुशबू मोठ्यानं म्हणाली. "रश्मी, चल, आतली खोली दाखव."

"अहो, कार्यक्रम सुरू होतोय," गुरुजी मधाळ बोलले. "ट्रे कोण धरेल?"

"मंग तुम्ही धुता का गुरुजी पोट्टीले? ट्रे मी धरते."

मागच्या बाया फिसकन हसल्या. गुरुजींनी खांद्यावर ठेवायला उचललेला हात आपल्याच सदऱ्यावरून फिरवला आणि ते मंचाकडं गेले.

आतल्या खोलीत मोडक्या खुर्च्या आणि जुने बॅनर रचलेले. बेटी वाचवा, पाणी वाचवा, विजेची बचत करा. बोधी अगदी कोरडी होती. खुशबूनं दाराला कडी घातली आणि रश्मीची बाही वर सारली. मनगटाचं हाड बाहेर आलेलं, कातडी त्यावर ताणून बसलेली.

"कधीचं हे?"

"बाथरूममधी पाय घसरला."

"मी कधीचं विचारलं. कसं नाही विचारलं."

रश्मीनं तोंड बॅनरकडं वळवलं. मग म्हणाली, "मागच्या दिवाळीचं. मंडईच्या आदल्या दिवशी. मी पिशवी भरून ठेवली होती."

बाहेर गुरुजींचा आवाज घुमू लागला. नारी, सारी, बलिहारी असं काही तरी जुळवून त्यांनी टाळ्या घेतल्या.

"दाखवलं नाही कोनाले?"

"यांच्या ओळखीतल्यानं पट्टी बांधली. गोंदियाले हाडाचा फोटो काढू म्हणत होते. मंग राहिलं." रश्मीनं बाही खाली ओढली. "मी गेली होती गं, समितीकडं. तंटामुक्तीच्या. त्यायनी समेट केला. घरचं घरात राहू द्या म्हणे. पेढे वाटले."

"पेढे?"

"सचिव हेच आहेत ना समितीचे. यायनीच वाटले."

खुशबूला हसू आलं, आणि ते इतकं कडू होतं की तिनं गिळून टाकलं. "यंदा काय झालं?"

"यंदा मंडईले जाऊ का विचारलं. एवढंच." रश्मी आता खुशबूकडं वळली. "ऐक, तू केस-बिस म्हणू नको. माझी रुची यांच्याच शाळेत पहिलीत आहे. आज घरी सासूपाशी आहे. मी इथून पाय काढला तर पोरगी तिथं राहीन. मग सोडणार आहेत का ते तिले? तू आपलं भाषण दे अन् जा."

दारावर थाप पडली. "रश्मी? झालं का गं?" आवाज तोच, मधाळ.

वकिलीच्या पुस्तकात अशा वेळी विचारायचे प्रश्न असतात. तक्रार करायची आहे का, संरक्षण हवं आहे का, राहायला जागा आहे का. ते सगळे खुशबूच्या जिभेवर आले, आणि रश्मीचा चेहरा पाहून तिथंच विरले. या प्रश्नांना रश्मी "नाही" म्हणणार हे दिसत होतं. मग खुशबूनं तो प्रश्न विचारला, जो कन्हारटोल्यात कुठल्याही लेकीला कुणीही विचारतं.

"परवा मंडई आहे. येतेस का?"

रश्मीला आधी समजलंच नाही. "परवा? अजून झालीच नाही?" मग ती म्हणाली, "अन् मी हो म्हटलं वो. नाटक पाहिलं म्हटलं."

"येतेस का?"

"रुचीले घेऊन येईन," रश्मी म्हणाली. तिनं उजव्या हातानं डावं मनगट धरून ठेवलं होतं. "तिले घेऊनच येईन. नाही तर नाही."

बाहेर आल्यावर खुशबू आधी त्या संरक्षण अधिकारी बाईंच्या खुर्चीमागं जाऊन वाकली. आपण दोघी एकाच गावच्या, ही गुरुजींची बायको, मनगट असं, हे भराभर कानात सांगितलं.

"अहो, पण पीडितेनं स्वतः यायला हवं," बाई हळूच म्हणाल्या. "आपण कुणाच्या घरात कसं शिरायचं?"

"घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात 'कोणीही' लिहिलं आहे, मॅडम. कोणीही तुम्हाला माहिती देऊ शकतं. मी कोणीही आहे."

"लिहिलं आहे हो, नाही कुठं म्हणते मी." बाईंनी मंचाकडं पाहिलं. "पण खुशाल गुरुजी? आमच्या जनजागृतीच्या प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन तेच करतात."

त्या खरंच गोंधळल्या होत्या. तीन तालुक्यांचा भार, गाडी नाही, शिपाई नाही, आणि जो माणूस दरवर्षी त्यांच्या नावानं टाळ्या वाजवायला लावतो त्याच्याच घरी आता जायचं. खुशबूला त्यांची दया आली असती. पण दया करायला वेळ नव्हता. तिचं नाव पुकारलं गेलं होतं.

गुरुजींनी ओळख करून दिली. "आमच्या भगिनी, आंतरराष्ट्रीय कायद्याच्या तज्ज्ञ!" शाल दिली, नारळ दिला. रश्मीनं ट्रे कोपरावर धरला होता. बोधी खुशबूच्या कमरेवर. मूल खाली ठेवून भाषण देणं तिला जमण्यातलं नव्हतं.

तिनं सुरुवात केली तशी पुस्तकातलीच केली. जगातल्या देशांनी एकोणीसशे एकोणऐंशीत एक करार केला, बायकांना कमी लेखणं बंद करायचं असा. "मोठमोठी माणसं बसली होती," ती म्हणाली, "पण करारात मारहाण हा शब्दच लिहायचा राहिला. जगातली एकही बाई त्यांच्या घरी मार खात नसावी. दहाबारा वर्षांनी कुणाच्या तरी लक्षात आलं, मग मागाहून सूचना काढली, की अहो, मारणं हासुद्धा भेदभावच हो."

मागच्या रांगेतल्या बाया मान वर करून ऐकू लागल्या.

"आपल्या देशानं त्र्याण्णवला या करारावर शिक्का मारला. पण मारताना खाली एक ओळ जोडली. ती ओळ मी तुम्हाला सांगते. कुठल्याही समाजाच्या खासगी बाबींत, त्या समाजानं स्वतः पुढाकार घेतल्याशिवाय आणि त्याची संमती असल्याशिवाय, आम्ही हात घालणार नाही."

"वा!" दुर्गाप्रसाद शेठ मोठ्यानं म्हणाले आणि टाळ्या वाजवू लागले. "एकदम सही बात! घर की बात घर में!" मंचावरची सारी रांग टाळ्या वाजवू लागली. सर्वांत ठणठणीत टाळी खुशाल गुरुजींची. करारातली पळवाट वाचून दाखवली, तर मंचाला वाटलं करारातलं अमृत वाचून दाखवलं.

खुशबू थांबली. एवढी जोरदार टाळी तिच्या निबंधालाही पडली नव्हती. तीस कलमांचा करार, त्यावर बसलेल्या समित्या, विमानानं गेलेली शिष्टमंडळं, आणि या सगळ्यातून तिरोड्याच्या मंचापर्यंत धडधाकट पोचली ती एवढी एकच ओळ. आणि ती पोचायचीसुद्धा गरज नव्हती. ती इथं आधीपासूनच होती. ती समितीनं पेढ्यांसोबत वाटली होती. आणि मागच्या मंडईत, जिलेबीच्या दुकानासमोर, "आता कोन जाते" असं म्हणत एक शिकलेली बाई तीच ओळ बोलून पुढं गेली होती.

तिनं कागद बंद केले. आता जे बोलायचं ते बोललं तर रात्री रश्मीच्या अंगावर निघणार. न बोललं तरी निघणार. खोटं पकडलं गेलं हे त्या मधाळ माणसाला कळायला वेळ लागणार नव्हता. म्हणजे रश्मीला आज घरी जाऊच द्यायचं नाही. आणि ते तक्रारीच्या तोंडानं नाही, मंडईच्या.

"आणखी एक गोड बातमी सांगायची राहिली," खुशबू हसून म्हणाली. "आमच्या कन्हारटोल्याची मंडई परवा आहे. गुरुजींना वाटलं ती झाली. आता मला म्हणाले, रश्मी जाऊन आली, चार दिवस राहिली, नाटकसुद्धा पाहिलं. गुरुजी कामाच्या धबडग्यात विसरले. यंदा मंडई अजून व्हायचीच आहे."

सभागृहात पुरुषांच्या बाजूला काहीच झालं नाही. तारखेत चूक झाली, यात काय मोठं? बायांच्या बाजूला मात्र चुळबुळ थांबली. त्या प्रत्येकीचं माहेर होतं आणि प्रत्येक माहेराला मंडई होती.

"मंडई नाही झाली, तं गेली कुठं होती मंग?" समोसावाली बाई अगदी सरळ आवाजात म्हणाली.

कुणी हसलं नाही. साऱ्या माना रश्मीकडं वळल्या. रश्मी ट्रे घेऊन उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला, आणि मग, कुणी न सांगता, डावा हात पदराबाहेर काढून तो पोटाशी धरला. बाही वर सरकली होती. ती तिनं ओढली नाही.

"तर मी रश्मीला आणि तिच्या रुचीला आजच मंडईला घेऊन जाते," खुशबू म्हणाली. बोधी तिची माळ ओढत होती. "शेठजी, आपली गाडी मिळाली तर मोठे उपकार होतील. वाटेत गुरुजींच्या घरून पोरीला घेऊ. संरक्षण अधिकारी मॅडमही सोबत आहेत."

शेठजींना मंचावरून मोठेपणा करायची संधी कधीच नाकारता येत नसे. "अरे, क्यों नहीं! बेटी मायके जाएगी! ले जाओ गाडी, ड्रायव्हर भी ले जाओ! बजाओ ताली!"

गुरुजींच्या हातात माइक होता. त्यांनी माइकची वायर बोटांभोवती गुंडाळायला सुरुवात केली, एक वेढा, दुसरा वेढा, बोटं पांढरी होईस्तोवर. चेहरा मात्र हसत होता. "अवश्य, अवश्य," ते म्हणाले. "आम्ही कधी अडवलं?"

संरक्षण अधिकारी बाई रश्मीच्या मनगटाकडं पाहत होत्या. मग त्यांनी खुर्चीखालची पर्स उचलली, चष्मा नीट केला आणि मंचाच्या पायऱ्या उतरल्या. मागून शेठजी म्हणाले, "मॅडम, आपका सत्कार बाकी है." त्यांनी ऐकलं नाही. एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

सासूनं पोरगी सहजासहजी दिली नाही. "आमच्या घरची पोट्टी आहे, कायले नेता?" म्हणून दारात बसली. पण दारात शेठजींची गाडी, गाडीतून उतरलेल्या सरकारी बाई, आणि बघता बघता जमलेलं शेजार. त्या बाईंनी आपलं ओळखपत्र काढलं आणि सासूला मोठ्यानं वाचून दाखवलं. रुची अंगणातच होती. तिनं आईचा चांगला हात धरला आणि चप्पल न घालताच गाडीत जाऊन बसली.

पुढचं सांगायला गोडधोड काही नाही. मंडईच्या सकाळी, बुद्धविहारामागं कुसुमबाईच्या ओसरीवर, त्या बाईंनी अहवाल लिहून घेतला. खुशबूनं माहिती दिली म्हणून तिच्यावर कुणी दावा लावू शकत नाही, हेही त्यात आलं. ही तरतूदही त्याच कायद्यातली, आणि तो कायदा करताना दिल्लीनं त्याच जागतिक कराराचं बोट धरलं होतं. म्हणजे करार अगदीच वाया नाही. संयुक्त राष्ट्रांपासून निघालेला दोर शेवटी एका ओसरीपर्यंत पोचतो. फक्त त्याच्या या टोकाला कुणी तरी हात घालावा लागतो. तेवढं एक काम जगातल्या कुठल्याही समितीला करता येत नाही.

गोंदियाच्या डॉक्टरनं सांगितलं, हाड पुन्हा मोडून बसवावं लागेल. कोर्टाची तारीख पडली आहे. समितीचे दोघे जण समेटासाठी येऊन गेले. या खेपेला पेढे कुसुमबाईनं परत पाठवले, डब्यासकट. आणि दहा डिसेंबरला, मानवी हक्क दिनी, तिरोड्यात पुन्हा कार्यक्रम झाला. सूत्रसंचालन खुशाल गुरुजींचं. म्हणतात, आवाज पहिल्याहून मधाळ होता.

पण मंडई छान झाली. रश्मी जिलेबीच्या दुकानासमोर उभी होती आणि रुचीच्या हनुवटीवरून पाक ओघळत होता. कुसुमबाई गर्दीवर नजर फिरवत होती, गावची प्रत्येक बाई मंडईत फिरवते तशी. एकेक लेक डोळ्यांनी टिपत.

"पुष्पाबाईची लेक नाही दिसली वो यंदा," ती म्हणाली. "बालाघाटकडं दिली ते. सासू म्हणे, कापनी आहे."

खुशबूनं बोधीचं कपाळ चाचपलं नाही. तिनं बोधीला रश्मीच्या उजव्या कडेवर दिलं आणि म्हणाली, "मावशी, गाव कोनतं म्हणालीस?"

तुमच्याकडं मंडई भरत नसेल. पण कुठला तरी दिवस असेल, ज्या दिवशी सगळ्या येतात. भाऊबीज असेल, गणपती असतील, भावाच्या पोराचं बारसं असेल. आणि एक जण आली नसेल, आणि तिच्या घरून आलेलं कारण तुम्हाला अगदी पटलं असेल. खुशबूचं तुमच्याकडं एवढंच मागणं आहे, की फोन करू नका. जा. पाणी मागा, आणि पेला देताना ती तो कुठल्या हातानं देते ते पाहा.

आज जमेल का?